खिओसची डिंकाची गावं

ग्रीसच्या खिओस बेटावर एजियन विद्यापीठाची शाखा आहे. तिथल्या विद्यार्थ्याला सुट्टीच्या एका दिवसात दक्षिणेकडची जुनी गावं पाहून परतता येतं. त्यातल्या पिर्गी गावात घराघरावर काळी-पांढरी नक्षी: गडद वाळूच्या गिलाव्यावर चुना देऊन तो खरवडतात. सज्ज्यांना टोमॅटोच्या माळा वाळत टांगलेल्या. मेस्ता मात्र मला अधिक भावतं. गावच किल्ला! कडेच्या घरांच्या पाठभिंती हाच तट. जिनोआच्या अमलात चाच्यांच्या धास्तीनं तो उभा राहिला. जपायचा होता तो इथल्या मस्तकीच्या झाडांचा डिंक. उन्हाळ्यात बुंध्याशी पांढरी भुकटी पसरतात, मग झाडाला चिरा देतात, आणि भुकटीवर डिंक ठिबकतो. पुढे खडे निवडायचं काम, तेही हातानंच. या लागवडीला २०१४ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात हाच डिंक रुमी मस्तकी म्हणून मिळतो.