विसाव्या वर्षी रिटायर झालेली काउंटेस



माझ्या मागे पडद्यावर जो फोटो लावला आहे, तो आधी नीट बघून घ्या. एका बाईने फोटोची अंडाकृती चौकट हातात धरली आहे आणि त्या चौकटीतून एका डोळ्याने ती सरळ आपल्याकडे बघते आहे. हा फोटो १८६०च्या दशकातला, पॅरिसमधला. त्या काळी लोक फोटो काढायला खांबासारखे ताठ उभे राहत, आणि ही बाई कॅमेऱ्याशी खेळते आहे. हिचं नाव व्हर्जिनिया ओल्दोइनी, कास्तिल्योनेची काउंटेस.

मी पायदळातला माणूस. दागदागिने, कपडे, फॅशन यातलं मला काही कळत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मग या बाईच्या वाटेला मी का गेलो? नोकरीत असताना सुरक्षेवरची व्याख्यानं व्हायची. सुंदर बाई पाठवून माणसाला जाळ्यात कसं ओढतात, हा विषय त्यात ठरलेला. जुनं उदाहरण म्हणून या काउंटेसचं नाव एकदा कानावर आलं होतं. सेवानिवृत्तीनंतर वेळच वेळ होता, म्हणून वाचायला घेतलं. वाटलं होतं, हेरगिरीची चटपटीत गोष्ट निघेल. निघालं भलतंच.

आधी पार्श्वभूमी. इटलीचं एकीकरण आपल्याला मराठीतून ओळखीचं आहे. सावरकरांनी १९०७मध्ये मॅझिनीचं आत्मचरित्र मराठीत आणलं, त्यामुळे मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावं आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होती. तिसरा माणूस कावूर. पिडमाँट राज्याचा पंतप्रधान, चष्मेवाला, गोल चेहऱ्याचा, अत्यंत हिशेबी. त्याची अडचण साधी होती. लोंबार्डी आणि व्हेनिस ऑस्ट्रियाच्या ताब्यात. पिडमाँटने १८४८-४९मध्ये एकट्याच्या जोरावर लढून पाहिलं आणि मार खाल्ला. आता फ्रान्सची फौज बरोबर घेतल्याशिवाय काही होणार नव्हतं. म्हणून कावूरने क्रिमियाच्या युद्धात आपलं सैन्य पाठवलं. त्यातले शत्रूच्या गोळीपेक्षा कॉलऱ्यानेच जास्त मेले. पण त्या बदल्यात १८५६च्या पॅरिस परिषदेत पिडमाँटला बसायला खुर्ची मिळाली. आता सम्राट तिसऱ्या नेपोलियनचं मन वळवायचं होतं.

इथे व्हर्जिनिया येते. जन्म १८३७चा, फ्लॉरेन्सचा. घराणं ला स्पेझियाचं, खानदानी. सतराव्या वर्षी काउंट फ्रांचेस्को व्हेरासिसशी लग्न झालं. तो तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. कावूर नात्यातला. पॅरिसला पोचली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, आणि पोटचा मुलगा जॉर्जो अजून वर्षाचाही झाला नव्हता.

फेब्रुवारी १८५६मध्ये कावूरने आपल्या एका सहकारी मंत्र्याला पत्र लिहिलं. त्यात त्याने कळवलं, की एका अतिशय सुंदर काउंटेसला मी राजनैतिक कामात भरती केलं आहे. सम्राटाशी लाडीगोडी करायला आणि गरज पडली तर त्याला भुलवायला सांगितलं आहे. आणि काम फत्ते झालं तर बक्षीस काय? तिच्या वडिलांना सेंट पीटर्सबर्गच्या वकिलातीत जागा.

हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, काम मुलीने करायचं आणि नोकरी बापाला? आणि तिला कुणी विचारलं होतं का?" मी म्हटलं, ती हुशार होती, महत्त्वाकांक्षी होती, तीन-चार भाषा बोलायची, तिलाही हे हवंच होतं. ती म्हणाली, "असेल. पण मी विचारलं ते वेगळं." त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

काम फत्ते झालं. काही महिन्यांत ती सम्राटाची प्रेयसी म्हणून साऱ्या पॅरिसला माहीत झाली. ती दरबारात आली की लोक खुर्चीवर चढून बघत. फेब्रुवारी १८५७मध्ये परराष्ट्र मंत्रालयात वेषांतराचा नाच होता, तिथे ती बदामराणी होऊन गेली. आपल्या पत्त्यांतली बदाम, तीच. अंगभर बदाम आणि साखळ्या, आणि त्या काळात सक्तीची असलेली कॉर्सेट नाही. सम्राज्ञी युजेनीने एक बदाम पाहून "बाईंचं काळीज जरा खालीच उतरलंय" अशा अर्थाचा टोमणा मारल्याचं सांगतात. सम्राज्ञीच्या जागी मी असतो तर याहून वाईट बोललो असतो.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, रात्री तिच्या घरून निघताना सम्राटावर हल्ल्याचा प्रयत्न झाला. संशय इटालियन लोकांवर. प्रकरण तिथेच संपलं. तिला पॅरिस सोडावं लागलं. नवरा तिच्या खर्चापायी कर्जात बुडाला होता, तोही वेगळा झाला. वय वर्षं वीस.

आता आमच्या धंद्यातला प्रश्न: तिने इटली घडवली का? ती स्वतः आयुष्यभर तसं सांगत राहिली. मला विचाराल तर नाही. जानेवारी १८५८मध्ये ओर्सिनी नावाच्या इटालियन क्रांतिकारकाने सम्राटावर बॉम्ब टाकले, त्याने सम्राटाला जास्त हलवलं. तरुणपणी तो स्वतः इटलीतल्या बंडखोरांबरोबर होता, ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. ऑस्ट्रियाला खाली खेचण्यात फ्रान्सचा फायदा होताच. आणि प्लाँबिएर इथे जुलै १८५८मध्ये कावूर आणि सम्राट यांची गुप्त भेट झाली, तेव्हा ही बाई चित्रातच नव्हती. पुढच्या वर्षी माजेंता आणि सोल्फेरिनो इथे जी कत्तल झाली, ती सैनिकांची. सोल्फेरिनोला अडीच-तीन लाख माणसं एका दिवसात एकमेकांवर घातली होती. तिथले जखमी पाहूनच आंरी द्युनांने पुढे रेड क्रॉसची कल्पना मांडली.

पण कामगिरीचं फळ किती आलं हा एक हिशेब, आणि कामगिरीवरून परत आलेल्या माणसाचं काय केलं हा दुसरा. फौजेत गस्तीवरून परत आलेल्या साध्या शिपायालाही बसवून विचारतात: काय पाहिलंस, कुणाला काय झालं, जेवलास का. हिला कुणी बसवलं नाही. तुरिनच्या टेकड्यांवर एका बंगल्यात ती जाऊन राहिली, आणि १८६१मध्ये पुन्हा पॅरिसला आली. इटलीचं राज्य त्याच वर्षी जाहीर झालं आणि कावूरही त्याच वर्षी वारला.

इथून पुढचं आयुष्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही.

पॅरिसमध्ये मायर आणि पियर्सन यांचा फोटो स्टुडिओ होता. प्येर-लुई पियर्सनकडे ती पहिल्यांदा गेली १८५६मध्ये. मग जवळजवळ चाळीस वर्षं, मध्ये मोठे खंड पडले तरी, जात राहिली. ४००हून जास्त फोटो. काचेची प्लेट, ओलं रसायन, काही सेकंद अजिबात हलायचं नाही, असं ते तंत्र. बटण पियर्सन दाबायचा, पण बाकी सगळं ठरवायची ती. कपडे कुठले, कॅमेरा कुठल्या कोनातून, नाव काय द्यायचं, छापलेल्या फोटोवर रंग कुठे भरायचा. कधी जोगीण, कधी राणी, कधी प्रेत. त्या काळी फोटो म्हणजे आपण कसे दिसतो त्याची नोंद. हिने त्यातून वेगवेगळी माणसं उभी केली. बदामराणीचा रंगवलेला फोटो १८६७च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात लागला.

एका फोटोत तिच्या हातात सुरा आहे. नाव दिलंय 'सूड'. नवरा मुलाला तिच्यापासून तोडायला निघाला होता, तेव्हा हा फोटो त्याला पाठवला. मी बरेच धमकीचे कागद पाहिले आहेत, असा नाही पाहिला. नवरा १८६७मध्ये राजपुत्राच्या लग्नाच्या मिरवणुकीत घोड्यावरून पडून गाडीखाली मेला. मुलगा जॉर्जो राजनैतिक सेवेत गेला आणि १८७९मध्ये देवीच्या रोगाने वारला. ऐन पंचविशीत. लहानपणी त्याला नोकराचा पोषाख घालून ती फोटोत आपल्या मागे उभं करायची. ते फोटो आता बघवत नाहीत.

नंतर ती प्लास वाँदोममधल्या घरात राहिली. काळा रंग, पडदे ओढलेले, आरसे काढून टाकलेले. रात्र झाल्यावर कुत्र्यांना घेऊन बाहेर पडायची. आणि मग १८९३ साली पुन्हा पियर्सनच्या दारात. दात गेलेले, केस विरळ, अंग सुटलेलं. जुने नाचाचे पोषाख काढून तिने पुन्हा फोटो काढून घेतले.

चरित्रकार या फोटोंना वेडाची लक्षणं म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. सेवानिवृत्तीनंतर चौथ्या वर्षी, रेजिमेंटच्या स्थापना दिनाच्या आदल्या रात्री, मी माझा जुना ट्युनिक ट्रंकेतून काढून घालून पाहिला. बटणं लागली नाहीत. खोलीचं दार मी आधी लावून घेतलं होतं. भिंतीवर माझा कॅप्टन असतानाचा बर्फातला फोटो आहे, त्याच्याकडे बोट दाखवून नातवाने विचारलं होतं, "आजोबा, हे काका कोण?" माझं काम तीस वर्षं चाललं, पेन्शन आहे, कँटीन कार्ड आहे, दरवर्षी बोलावणं येतं. तिचं काम सव्वा वर्ष चाललं आणि ते झालं होतं हे कबूल करायलाही कुणी तयार नव्हतं. म्हणून ती दार न लावता गेली, सरळ कॅमेऱ्यासमोर. त्या शेवटच्या फोटोंतल्या काहींत चेहरा नाहीच, नुसते तिचे पाय आहेत, वरून घेतलेले.

२८ नोव्हेंबर १८९९ला ती पॅरिसमध्ये वारली. तिने लिहून ठेवलं होतं, की १८५७मध्ये काँपिएन्यच्या राजवाड्यात सम्राटाच्या भेटीच्या रात्री घातलेला झालरीचा झगा नेसवून मला पुरा, आणि पायाशी माझे पेंढा भरलेले कुत्रे ठेवा. यातलं काही झालं नाही. उलट इटालियन वकिलातीची माणसं येऊन तिची पत्रं, कागद जाळून गेली असं सांगतात. माणूस काहीच कामाचा नव्हता, तर त्याचे कागद जाळायला कुणी कशाला येईल? हा एवढा एक मुद्दा मी तिच्या बाजूने मांडतो.

फोटो मात्र जळले नाहीत. रोबेर द माँतेस्क्यू नावाच्या कवीने ते गोळा केले, चारशेच्या वर, आणि १९१३मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. त्यातले २७५ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९७५मध्ये घेतले. तिची स्वतःची इच्छा होती की १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ते 'शतकातली सर्वांत सुंदर स्त्री' या नावाने लागावेत. प्रदर्शन उघडलं एप्रिलमध्ये. तोवर तिला पेर लाशेजच्या दफनभूमीत पुरून चार-पाच महिने झाले होते.

आता प्रश्न घेऊ. बायकोचा सोडून दुसरा कुठलाही विचारा.