सज्जा की आतली खोली?

इंग्लंडातील साउदॅम्प्टन बंदरातून निघावयाचे, नॉर्वेच्या किनाऱ्यावर हिंडावयाचे आणि आठवड्याने पुन्हा त्याच बंदरात परतावयाचे, अशा सफरीचे तिकीट काढावयास पुण्यातील एक निवृत्त दांपत्य बसले आहे, अशी क्षणभर कल्पना करावी. तारीख ठरली आहे, परदेशी असलेल्या मुलाने आग्रह धरला आहे, लोकरीच्या कपड्यांची यादीसुद्धा झाली आहे. गाडे अडले आहे ते एकाच प्रश्नापाशी. जहाजावरील खोली कोणती घ्यावयाची?

"अहो, समुद्र पाहायला एवढ्या दूर जायचं आणि भिंतीकडे तोंड करून निजायचं?" हे बाईंचे म्हणणे.

"अगं, खोलीत निजायचंच तर आहे. समुद्र वर डेकवर सगळ्यांनाच फुकट आहे," हे यजमानांचे उत्तर.

दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

आतली खोली म्हणजे जहाजाच्या पोटातील, खिडकी नसलेली खोली. तिचे क्षेत्र साधारणतः पंधरा चौरस मीटरांच्या आसपास असते. मुंबईच्या चाळीतील खोलीहून ती फारशी मोठी नव्हे. मात्र एवढ्यातच न्हाणीघरही बसविलेले असते. सज्जाच्या खोलीला समुद्राच्या बाजूस काचेचे सरकते दार असते आणि दारापलीकडे दोन खुर्च्या व एक लहानसे टेबल मावेल एवढी उघडी जागा. ह्या दोहोंच्या मधे नुसत्या खिडकीची खोलीही मिळते, पण वादाच्या भरात तिची आठवण कोणास होत नाही, हे तिचे दुर्दैव. भाड्यातील अंतर जहाजागणिक व हंगामागणिक बदलते. तरीपण सज्जासाठी आतल्या खोलीच्या दीडपट, कधी दुपटीच्या जवळ रक्कम मोजावी लागणे हे नवल नव्हे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हता, असाही एक काळ होता. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून विलायतेस जाणाऱ्या आगबोटी तांबड्या समुद्रात शिरल्या की खोलीची बाजू हा जिवाचा प्रश्न होऊन बसे. खोल्या थंड राखण्याची यंत्रे तेव्हा नव्हती. वाऱ्याची झुळूक आत वळविण्यासाठी गोल खिडकीत पत्र्याची पन्हळ बसवीत, आणि तीही निरुपयोगी ठरली म्हणजे लोक बिछाना उचलून डेकवर निजावयास जात. विलायतेकडून येताना डावी बाजू व तिकडे परतताना उजवी बाजू दुपारच्या उन्हापासून बचावते. ह्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून 'पॉश' हा शब्द निघाला व पी अँड ओ कंपनी बड्या उतारूंच्या तिकिटांवर तसा शिक्का मारीत असे, अशी एक सुरस कथा आहे. तसा शिक्का मारलेले एकही तिकीट आजवर कोणाला दाखविता आलेले नाही, तेव्हा कथेला कथाच म्हणावे. परंतु ऊन मात्र खरे होते. लिव्हरपूल व रंगून ह्यांच्यामध्ये आगबोटी चालविणाऱ्या बिबी कंपनीने तर आतल्या खोलीलाही एक अरुंद बोळ काढून तो जहाजाच्या बाहेरील अंगापर्यंत नेला आणि त्याच्या टोकाला खिडकी ठेवली. एवढी खटपट केली ती देखाव्यासाठी नव्हे, श्वासासाठी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वातानुकूलन प्रत्येक खोलीपर्यंत पोहोचले आणि खिडकीचे हे मूळ काम संपले. आतली खोली आता बाहेरच्या खोलीइतकीच गार राहू लागली. वस्तुतः येथे सज्जाचे महत्त्व कमी व्हावयास हवे होते. झाले उलटेच. 1984 साली ह्याच साउदॅम्प्टन बंदरात राजकन्या डायना ह्यांच्या हस्ते 'रॉयल प्रिन्सेस' ह्या जहाजाचे नामकरण झाले. त्यात उतारूंसाठी आतली खोली एकही ठेवलेली नव्हती, आणि पुष्कळशा खोल्यांना सज्जे होते. पुढील जहाजांनी सज्जांची अशी काही उतरंड रचली की दुरून पाहणाराला जहाज न वाटता एखादी सदनिकांची इमारत समुद्रात लोटून दिल्याचा भास व्हावा. 2009 सालच्या 'ओएसिस ऑफ द सीज' वर तर जहाजाच्या मध्यभागी बाग लावून तिच्याकडे तोंड केलेले सज्जेही काढले. सज्जा आहे, पण समुद्र नाही! उलट 2011 साली 'डिस्ने ड्रीम' वर आतल्या खोल्यांतून गोल खिडकीच्या आकाराचा पडदा बसविण्यात आला, आणि बाहेरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेला समुद्र त्यावर त्याच क्षणी दिसू लागला. समुद्र आहे, पण खिडकी नाही. माणसाला नेमके काय हवे असते, हे जहाज बांधणाऱ्यांना पुरते उमगले आहे असे ह्यावरून तरी दिसत नाही.

आता नॉर्वेकडे वळू. फ्योर्ड म्हणजे उभ्या डोंगरकड्यांच्या मधे दूरवर आत शिरलेली समुद्राची चिंचोळी बाहू. त्यांतील गायरांगर फ्योर्ड सुमारे पंधरा किलोमीटर लांबीचा असून 2005 सालापासून त्याची गणना जागतिक वारशात होते. त्याच्या उत्तरेकडील कड्यावरून सात धारांचा एक प्रपात कोसळतो. त्याला 'सात बहिणी' म्हणतात. समोरच्या, दक्षिणेकडील कड्यावर दुसरा एक प्रपात आहे, तो त्यांना मागणी घालणारा वर, अशी तेथील लोकांची समजूत. सातांपैकी एकीनेही त्याला होकार दिलेला नाही. सज्जाचे सारे रहस्य ह्या एका ठिकाणी उघडे पडते. ज्याचा सज्जा डाव्या बाजूचा, त्याला फ्योर्डात शिरताना बहिणी दिसतील आणि परतताना वर दिसेल. उजव्या बाजूचा असेल तर क्रम उलटा. दोघे समोरासमोर उभे असलेले पाहावयाचे तर डेकवरच गेले पाहिजे, आणि तेथे आतल्या खोलीतील उतारूचा हक्क रतिमात्रही कमी नाही. मोठे भाडे भरलेला मनुष्य आपल्या सज्जात बसून अर्धाच फ्योर्ड पाहतो, आणि कमी भाडे भरलेला मनुष्य कठड्याशी उभा राहून पुरा पाहतो.

पण डेकवर वारा असतो, हेही सांगितले पाहिजे. जहाज वीस सागरी मैलांच्या वेगाने चालले असता, हवा अगदी निश्चल असली तरी, ताशी सदतीस किलोमीटरांचा वारा अंगावर येतो. आणि उत्तरेकडचा वारा जून महिन्यातही पुणेकराला मानवणारा नसतो. सज्जात शाल पांघरून चहाचा पेला हाती धरता येतो, थंडी वाजली तर दोन पावलांवर बिछाना असतो. शिवाय तेथे आपल्या खुर्चीवर दुसऱ्या कोणी टॉवेल टाकून ठेवलेला नसतो. हे सुख लहान खरे, पण खोटे नव्हे.

झोपेच्या बाबतीत आतली खोली सरस ठरते. जूनमध्ये गायरांगरला रात्री अकरा वाजेपर्यंत सूर्य मावळत नाही आणि चारच्या सुमारास तो पुन्हा हजर होतो. तिकडे आतल्या खोलीत दिवा मालवला की मध्यरात्र आणि दुपार ह्यांत भेद उरत नाही. काहींना हा काळोख मानवतो, काहींचा जीव त्यात गुदमरतो, आणि आपण कोणत्या जातीचे हे घरीच ओळखून असावे. ज्यांना समुद्र लागतो त्यांनी तर खोलीच्या प्रकाराआधी तिची जागा पाहावी. जहाजाची हालचाल त्याच्या मध्यभागी व खालच्या मजल्यांवर सर्वांत कमी जाणवते, टोकांशी आणि उंचावर अधिक. सज्जे बहुधा वरच असतात. तेव्हा खवळलेल्या समुद्रात महाग खोलीतला मनुष्य अधिक हिंदकळतो. मात्र दूरच्या क्षितिजावर दृष्टी ठेवल्याने मळमळ शमते, हाही पुष्कळांचा अनुभव आहे, आणि क्षितिज काही आतल्या खोलीत नसते. काही सज्जांपुढे जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. भाडे स्वस्त दिसले की नकाशा उघडून एवढे पाहून घ्यावे.

खोलीचा खरा कस लागला तो 2020 च्या फेब्रुवारीत. 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज जपानच्या योकोहामा बंदरात साथीच्या भयाने अडकून पडले. त्यावर 3711 माणसे होती. उतारूंना चौदा दिवस आपापल्या खोलीत राहण्याची आज्ञा झाली. ज्यांना सज्जा होता त्यांना निदान आकाश होते. बिनखिडकीच्या खोल्यांतील उतारूंना पाळीपाळीने, थोडा वेळ, तोंडावर मुखपट्टी बांधून डेकवर फिरविण्यात येई. ज्या चार हात जागेकडे चैन म्हणून पाहिले जात होते ती त्या दोन आठवड्यांत औषध ठरली. जहाजावर 138 भारतीय होते, आणि त्यांपैकी उतारू केवळ सहा. बाकीचे 132 जण कामावरचे लोक. ते स्वयंपाक करीत होते, दारोदार ताटे पोहोचवीत होते, आणि रात्री खालच्या मजल्यांवरील सामायिक खोल्यांत एकमेकांशेजारी निजत होते. सज्ज्याची वा आतल्या खोलीची निवड त्यांना कधीच करावयाची नसते. गोव्यातील व कोकणातील कित्येक घरांना ह्या खोल्यांची ओळख वर्तमानपत्रांतून नव्हे, तर मुलाच्या फोनवरून झालेली आहे. उतारू सात दिवसांसाठी खिडकीचा वाद घालतात. ह्यांचे महिनेच्या महिने खिडकीवाचून जातात.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. खोली कोणती घ्यावी, हे पैसे मोजणाराने ठरविण्याचे काम नव्हे. जो तीत अधिक वेळ राहणार, त्याने ते ठरवावे. तरणाबांड मनुष्य, जो पहाटे कॅमेरा घेऊन वर पळणार आणि बंदर येताच उतरून जाणार, त्याने सज्जासाठी पैसे देणे म्हणजे रिकाम्या घराला रंग देणे होय. उरलेल्या पैशांत तो आणखी एखादी सफर करील. परंतु ज्याला जिने चढवत नाहीत, ज्याला दुपारी पडावे लागते, जिच्या मांडीवर मूल झोपलेले आहे, त्यांच्या दृष्टीने डेकवरचा फुकट समुद्र फार महाग असतो.

पुण्याच्या त्या घरात बाईंचे गुडघे दुखरे आहेत. यजमानांची पहाटे पर्वती चढण्याची सवय अजून सुटलेली नाही. हिशेबाचा कागद त्यांनी दोनदा उलटसुलट केला, आणि मग चष्मा काढून ठेवीत हळूच विचारले, "तुला वर कितीदा यायला जमेल?"

"एकदा. फार तर दोनदा."

यजमान काही बोलले नाहीत. त्यांनी आतल्या खोलीच्या आकड्यावर रेघ मारली आणि कागद पुढे सरकविला.

"सात बहिणी कोणत्या बाजूला म्हणालात?" बाईंनी विचारले.

"शिरताना डाव्या हाताला. पण तेव्हा पहाट असेल."

"असू दे. मला जाग येते."

डाव्या बाजूचा सज्जा मुक्रर झाला. वराला पाहावयास यजमान एकटेच वर जाणार आहेत.