नोंद असेल तर शोध लागेल

बँकेचा किंवा इस्पितळाचा सारा डेटा दर आठवड्याला नव्याने उतरवून घेणे जड जाते. म्हणून 'सिंथेटिक बॅकअप' करतात. जुना पूर्ण बॅकअप आणि नंतरच्या रोजच्या बदलांचे बॅकअप सर्व्हरवरच जोडून नवा पूर्ण बॅकअप तयार होतो. मूळ संगणकावर ताण येत नाही. पण मधला एखादा दुवा मुदत संपून पुसला गेला, तर जोडणी फसते.

ती का फसली, हे लॉग फाइल सांगते. नेटबॅकअप प्रणालीत मुख्य सर्व्हरवरचा 'बीपीसिंथ' आणि मीडिया सर्व्हरवरचा 'बीपीटीएम' लॉग पाहतात. गंमत अशी, की त्या नावाचे फोल्डर आधी केलेले नसेल, तर त्यात काहीच लिहिले जात नाही! फोल्डर करा, तपशिलाची पातळी वाढवा, काम पुन्हा चालवा. मग शेवटच्या ओळीवर न थांबता मागे मागे जात पहिली चूक गाठा. दोन्ही सर्व्हरची घड्याळे जुळलेली हवीत, नाहीतर क्रम लागत नाही. काम झाल्यावर पातळी पुन्हा कमी करा, डिस्क भरते.

हे सारे जुन्या बॅकअपची मुदत संपण्याआधी व्हायला हवे. आणि दुरुस्तीनंतर एखादी फाइल परत मिळवून पाहा. खरी परीक्षा तीच.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)