रानातले खत, समुद्रातले पोवळे



आज आम्ही तुम्हांला उसाच्या एका मुलखाची हकीकत सांगणार आहोत. हा मुलूख दूर ऑस्ट्रेलियात आहे. त्याचे नाव क्वीन्सलँड. तिथे समुद्राच्या काठाकाठाने उसाचे फड आहेत. आणि त्या किनाऱ्यासमोर, समुद्रात, पोवळ्यांची मोठी रांग आहे. तिची लांबी सुमारे २,३०० किलोमीटर!

पोवळे म्हणजे काय? पुष्कळांना वाटते, तो दगड आहे. पण तसे नाही. ते बारीक प्राण्यांनी बांधलेले घर आहे. असे असंख्य प्राणी एकमेकांना चिकटून राहतात. पिढ्यान् पिढ्या घरावर घर चढते. त्याच्या कपारींत मासे राहतात. पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ असते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि पोवळ्याला देते. म्हणून पोवळ्याला नितळ पाणी लागते.

आता उसाकडे वळू. उसाला नत्र लागते, म्हणून आपण युरिया घालतो. एक पोते पुरेसे असले, तरी दुसरे टाकावेसे वाटते. होय ना? पण पीक लागेल तेवढेच घेते. उरलेले बरेचसे नत्र पावसाच्या पाण्यात विरघळते. ते ओढ्यातून नदीत, आणि नदीतून समुद्रात जाते.

समुद्रातही ते खतच! पण तिथे ऊस नाही. तिथे शेवाळ माजते. पाणी हिरवट होते. ऊन खाली पोचत नाही. शेवाळ पोवळ्याची जागा बळकावते. शिवाय पोवळे खाणारा एक काटेरी तारामासा आहे. त्याची पिल्ले पाण्यातल्या बारीक वनस्पतींवर जगतात. खताने त्या वाढल्या, की जास्त पिल्ले जगतात, असे अभ्यासक सांगतात. मग हे तारामासे पोवळी फस्त करतात.

पोवळ्यांवर याहून मोठे संकटही आहे. समुद्र तापतो आहे. २०१६ साली तिथली पुष्कळ पोवळी उष्णतेने पांढरी पडून मेली. एकट्या गावाला समुद्र थंड करता येत नाही. पण खत आवरणे शेतकऱ्याच्या हाती आहे.

तिथले शेतकरी काय करतात? माती तपासून मग खत देतात. खत मातीआड करतात. पूर्वी ते तोडणीआधी फड पेटवीत. आता पुष्कळ जण हिरवा ऊस तोडतात आणि पाचट रानातच राहू देतात. त्यामुळे माती धरून राहते. काम अजून पुरे झालेले नाही. पण वाट सापडली आहे.

मंडळी, आपल्या मालवणच्या समुद्रातही पोवळी आहेत. आणि आपले गाव समुद्रापासून दूर असले, तरी आपला ओढा शेवटी समुद्रालाच मिळतो. वाहून गेलेले खत म्हणजे वाहून गेलेला पैसा. तेव्हा पुढचे पोते फोडण्याआधी आपण स्वतःला विचारू : यातले उसाला किती, आणि ओढ्याला किती?