जनुकांची भाषा आणि समाजाची जबाबदारी

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संस्थेने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, याबद्दल प्रथम सर्वांचे हार्दिक अभिनंदन. शाळा, वसतिगृह, दवाखाना, रक्तदान शिबिर आणि वधू-वर परिचय मेळावा ही आपल्याकडील धर्मादाय संस्थांची नेहमीची कार्यक्षेत्रे होत. आजचा विषय जनुकशास्त्राचा असला, तरी तो या सर्व कार्यांना थेट येऊन भिडतो, हे मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. त्यांपैकी २३ मातेकडून आणि २३ पित्याकडून आलेली. गुणसूत्रांतील डीएनए हा चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला ग्रंथच म्हणावा. एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आणि प्रथिने घडविणारी सुमारे वीस हजार जनुके असतात. या समग्र ग्रंथास जीनोम म्हणतात. तो वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० साली सुरू झाला आणि एप्रिल २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. तरीही वाचता न आलेला सुमारे आठ टक्के भाग २०२२ साली उलगडला. ज्या कामास तेरा वर्षे लागली, ते आज एका व्यक्तीपुरते काही दिवसांत होते. भारतातही २०२० साली सुरू झालेल्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पात ऐंशीहून अधिक समाजगटांतील सुमारे दहा हजार व्यक्तींचे जीनोम वाचण्यात आले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली.

कोणत्याही दोन माणसांची ही अक्षरे सुमारे ९९.९ टक्के सारखीच असतात. उच्चनीचतेच्या कल्पनांना जनुकशास्त्रात थारा नाही, हा पहिला धडा. दुसरा धडा मात्र आपल्याला अंतर्मुख करणारा आहे. २००९ साली हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. लालजी सिंह, डॉ. थंगराज आणि अमेरिकेतील त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की भारतातील अनेक समाज शेकडो पिढ्या नव्हे तरी कित्येक शतके आपापल्या गटातच विवाह करीत आले आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दक्षिण आशियातील २६३ गटांपैकी ८१ गटांमध्ये या बंदिस्तपणाचा ठसा युरोपातील ज्यू आणि फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक आढळला. मोजक्या पूर्वजांपासून समाज वाढला, की त्यांच्यातील एखाद्याचे सदोष जनुक पुढे अनेक घरांत पोचते. लोकसंख्या लाखांत असली तरी हा धोका टळत नाही.

याचे आपल्या परिचयाचे उदाहरण म्हणजे थॅलेसेमिया. या विकारात रक्तातील हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही. ज्याला हे सदोष जनुक माता-पित्यांपैकी एकाकडूनच मिळाले, तो केवळ वाहक असतो. तो रोगी नव्हे. शिक्षण, नोकरी, संसार यांत त्याला कोणतीही उणीव नसते. परंतु दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्यास गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून पुढच्याची शक्यता बदलत नाही. अशा बालकास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि साठणारे लोह काढण्यासाठी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. भारतात सरासरी शंभरांत तीन ते चार व्यक्ती वाहक आहेत; सिंधी, पंजाबी, गुजराती, बंगाली अशा काही समाजांत हे प्रमाण अधिक आहे. २०२३ साली ब्रिटनने जनुक-संपादनावर आधारित पहिल्या उपचारास मान्यता दिली, ही आनंदाची गोष्ट. परंतु त्याचा खर्च कोटींच्या घरात आहे. प्रतिबंधाची चाचणी त्या मानाने अगदी अल्प खर्चाची आहे.

समाजाने मनावर घेतले तर काय होते, ते सायप्रस या छोट्या देशाने दाखविले. तेथे साधारण सातांपैकी एक व्यक्ती वाहक. १९८३ पासून तेथील चर्चने विवाहापूर्वी चाचणी झाल्याचा दाखला आवश्यक केला. विवाह करावा की नाही हा निर्णय मात्र जोडप्याचाच राहिला. त्या देशात गंभीर थॅलेसेमियाची नवी बालके जन्मणे जवळजवळ थांबले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील कर्मठ ज्यू समाजात रब्बाय एकस्टीन यांनी 'दोर येशोरिम' ही संस्था काढली. स्वतःची चार मुले एका आनुवंशिक व्याधीने गमावलेला हा पिता होता. या संस्थेत तरुणांना त्यांचा वैयक्तिक निकाल सांगितलाच जात नाही. स्थळ जुळते की नाही, एवढेच कळविले जाते. त्यामुळे कोणाच्याही नावावर शिक्का बसत नाही.

आपल्यासाठी यात एक विशेष विचार आहे. चाचणी गर्भधारणेनंतर झाली आणि गर्भ बाधित निघाला, तर दांपत्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो अहिंसेला जीवनमूल्य मानणाऱ्या कुटुंबास असह्य होतो. तीच चाचणी विवाह ठरण्यापूर्वी झाली, तर बहुधा तो प्रश्नच उद्भवत नाही. उशिरा केलेल्या चाचणीपेक्षा वेळेवर केलेली चाचणी हीच खरी जीवदया होय.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. वाहक मुलीचे स्थळ मोडावयाचे आणि मुलाचा अहवाल विचारावयाचाही नाही, असे घडले तर विज्ञानाने एक नवी अस्पृश्यता निर्माण केली असे होईल. चाचणी दोघांचीही हवी. वाहक आणि वाहक नसलेली व्यक्ती यांच्या विवाहात गंभीर थॅलेसेमियाचे मूल जन्मण्याची भीती नसते. अहवाल ही व्यक्तीची खासगी ठेव आहे. ती मेळाव्याच्या पुस्तिकेत छापण्याची बाब नव्हे. शरीरात लोहाची कमतरता असेल तर निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून अहवालाचा अर्थ तज्ज्ञांकडूनच समजून घ्यावा. जनुके म्हणजे जन्मपत्रिका नव्हे.

आपल्यापैकी अनेक जण शेतकरी आहेत, म्हणून दोन शब्द शेतीविषयी. जनुकशास्त्र म्हटले की बीटी कापूस आठवतो. त्यात जिवाणूचे जनुक घातलेले असते आणि त्याविषयी मतभेद आहेत. परंतु सारे जनुकशास्त्र तेवढेच नाही. हरभऱ्याचा जीनोम २०१३ साली वाचला गेला. हरभऱ्याच्याच एका वाणातील मर रोगास दाद न देणारा गुण कर्नाटकातील लोकप्रिय अण्णिगेरी वाणात संकराने आणून 'सुपर अण्णिगेरी १' हा वाण २०१९ साली प्रसारित झाला. दुसऱ्या कोणत्याही जीवाचे जनुक त्यात नाही. कोणत्या रोपात हवा तो गुण उतरला, हे डीएनएच्या खुणेवरून रोपावस्थेतच ओळखता येते, त्यामुळे वाण तयार होण्याची वर्षे वाचतात. कोणत्या बियाण्यात काय आहे, हे विचारण्याचा शेतकऱ्यास अधिकार आहे. त्यासाठी हा फरक ठाऊक हवा.

आणि म्हणूनच अखेरचा मुद्दा शिक्षणाचा. मेंडेलचे वाटाणे आपली मुले दहावी-बारावीत गुणांपुरते पाठ करतात. चारात एक हे गणित त्यांच्या स्वतःच्या संसाराशी निगडित आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. आपल्या देशाला जनुकीय समुपदेशकांची, जीवशास्त्र आणि संगणक या दोहोंत निपुण तरुणांची मोठी निकड आहे. आपल्या शिष्यवृत्त्या अभियांत्रिकी आणि वैद्यकाच्या पलीकडे या वाटेवरही वळाव्यात.

विश्वस्तांना माझी नम्र विनंती एवढीच, की रक्तदान शिबिराच्या जोडीला महाविद्यालयीन मुला-मुलींसाठी थॅलेसेमिया चाचणी ठेवावी, अहवाल बंद पाकिटात ज्याचा त्यालाच द्यावा आणि समजावून सांगण्यासाठी तज्ज्ञ उपलब्ध करावा. शिबिरात दिलेले रक्त एखाद्या बालकास महिनाभर जगविते. ही चाचणी पुढच्या पिढीतील बालकावर ती वेळच येऊ देणार नाही. सुवर्णमहोत्सवाची याहून चिरंतन स्मरणिका दुसरी कोणती असणार?