गढी, द्राक्षबाग आणि आपली इमारत
(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण)



चेअरमनसाहेब म्हणाले, "इंदापूरच्या सहलीवर दोन शब्द बोला." मी बँकेतला माणूस, सहलीवरून हिशेबावर येणारच, हे आधीच सांगून ठेवतो.

ही सहल निघाली ती स्वित्झर्लंडमुळे. मुलीकडे गेलो असताना जावईबापूंनी आल्प्सच्या कुशीतले एग्ल नावाचे छोटे गाव दाखवले. बाराव्या शतकातला किल्ला आणि अगदी तटाला भिडलेले द्राक्षांचे मळे. किल्ल्यात पूर्वी बर्नचा कारभारी राहायचा, पुढे तुरुंग होता, आता द्राक्षे आणि वाइनचे संग्रहालय आहे. ते पाहून आमची सौ. म्हणाली, "अहो, गढी आणि द्राक्षे तर आपल्या इंदापूरलाही आहेत की!"

म्हणून आपण निघालो. भवानीनगर, लासुर्णे करत आधी बोरी गाठले. नीरा डाव्या कालव्याने, म्हणजे १८८५ च्या सुमारास, या भागात पाणी आले. बागायतदारांनी आपल्याला प्रेमाने बाग दाखवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. तिकडे थंडीत वेल झोपते, एकदाच छाटतात. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून दोनदा. गंमत बघा, आपला डॉगरीज खुंट मूळचा अमेरिकेचा. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने युरोपातल्या बागा बसवल्या, तेव्हापासून तिकडेही अमेरिकन खुंटावरच कलम करतात. मुळे परकी, गोडी मात्र आपापल्या मातीची!

पुढे इंदापूरची गढी. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत धारातीर्थी पडले. त्यांच्या या गढीची काळाच्या ओघात बरीच पडझड झाली. तिथे आपण सगळेच जरा गप्प झालो होतो.

मला तिथे एकच गोष्ट जाणवली. बाग दरवर्षी हात मागते, आणि शेतकरी तो देतो. एक वर्ष छाटणी चुकवली तर पीक लगेच जाब विचारते. भिंत तसे करत नाही. ती वीस-पंचवीस वर्षे निमूट उभी राहते, आणि मग एकदम बोलते. एग्लचा किल्ला टिकला, कारण तो सतत कोणाच्या तरी वापरात राहिला आणि कोणीतरी त्याची डागडुजी करत राहिले.

आता हिशेब. आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरवर्षी सिंकिंग फंडात आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत जायला हवेत. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. दुरुस्ती निधी वाढवण्याचा विषय मागच्या सभेत "पुढे पाहू" म्हणून राहिला. वरच्या मजल्यावरच्या वहिनी मात्र पावसाळ्यात छताखाली बादली लावतात.

पेन्शनवर जगणाऱ्यांना महिन्याचे शे-दोनशेही जड वाटतात, मलाही वाटतात. पण एकदम लाखभराची वर्गणी काढायची वेळ आली, तर ती आपल्या मुलांना याहून जड जाईल. थोडे आणि नियमित, हेच रिकरिंगचे तत्त्व, बागायतदाराचेही तेच.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय पुन्हा येतो आहे. सगळ्यांनी या, आणि हात वर करा, एवढीच विनंती.