टाकी कुणाची, तोटी कुणाच्या हातात?

(धाराशिव येथे तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘मुक्त बाजारवाल्यांचे थिंक टँक आणि आपण’. थिंक टँक म्हणजे विचारांची टाकी. धाराशिवच्या माणसाला टाकी म्हटलं की आधी पाणी आठवतं. आणि आपल्या माणसाला पाणी म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. टाकी कुणाची, तोटी कुणाच्या हातात, आणि आपली घागर कितव्या नंबरला? हाच प्रश्न मी आज त्यांना विचारणार आहे.

ही मंडळी कोण? अमेरिकेत वॉशिंग्टनला कॅटो इन्स्टिट्यूट आहे. १९७७ साली चार्ल्स कोक या तेल-उद्योगपतीच्या पैशावर ती उभी राहिली. तिचं म्हणणं थोडक्यात असं : सरकारनं पोलीस, कोर्ट आणि सरहद्द सांभाळावी. बाकी माणसाला मोकळं सोडावं, बाजार सगळं नीट करतो. आपल्याकडेही हे नवं नाही. मुंबईत ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ साली फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज काढलं. दिल्लीत १९९७ साली पार्थ शहा यांनी सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी काढली. हे लोक मोर्चे काढत नाहीत. पुस्तिका काढतात, अहवाल लिहितात, खासदारांना भेटतात. आपण रस्त्यावर घसा फोडतो तेव्हा ते पंख्याखाली बसून कायद्यातली एक ओळ बदलून घेतात. म्हणून त्यांना नुसत्या शिव्या घालून भागणार नाही. त्यांना वाचलं पाहिजे.

जुलै २०१५ मध्ये या कॅटोनं एक निबंध छापला. लेखक पत्रकार स्वामीनाथन अय्यर. विषय आपणच! भांडवलशाहीनं भारतातल्या जातिव्यवस्थेवर हल्ला चढवलाय, १९९१ नंतर दलितांतून कोट्यधीश निघाले, असं त्यात म्हटलंय. दाखला दिलाय डिक्कीचा, म्हणजे मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात काढलेल्या दलित उद्योजकांच्या चेंबरचा. दुसरा दाखला उत्तर प्रदेशातल्या आझमगड आणि बुलंदशहरच्या पाहणीचा. चंद्रभान प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली. तिथं दलितांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, सालदारी कमी झाली, घरं पक्की झाली.

हे खोटं आहे का? नाही. शहरात नोटेला जात विचारत नाहीत, हे अर्धं खरं आहे, आणि आपल्यासारख्याला अर्धं खरंसुद्धा मोठं वाटतं. डोक्यावरचं ओझं टाकून कुणी कारखाना काढला तर मी त्याला सलाम करीन. पण मित्रहो, आपल्याकडे मेलेलं ढोर ओढणं बाजारानं सोडवलं नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी सोडलं. बहिष्कार सोसला, उपाशी राहिले, पण सोडलं. याच आपल्या जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आले होते ते महार-मांग वतनदार परिषदेसाठी. वतन म्हणजे काय? तुकडाभर जमीन आणि पिढ्यान् पिढ्या गावाची वेठ. म्हणजे स्वातंत्र्याची भाषा आपल्याला वॉशिंग्टनहून शिकायची गरज नाही. वेठबिगारी मोडा, हीच आपली स्वातंत्र्याची पहिली व्याख्या.

आता बाजाराचा हिशेब मांडू. २००५ च्या आर्थिक गणनेवरून अभ्यासकांनी काढलं की अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.४ टक्के, आणि त्यांच्या मालकीचे धंदे ९.८ टक्के. त्यातले बहुतेक कसले, ते आपल्या गल्लीत बघा. दुसरा हिशेब २००७ चा, सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती बघून त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, आडनाव तेवढं वेगळं. सवर्ण आडनावाच्या मानानं दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता ०.६७ निघाली. म्हणजे मोकळ्या बाजाराच्या दारातही रखवालदार बसलाय, आणि तो आडनाव वाचतो.

ते म्हणतात, करार हा दोन स्वतंत्र माणसांचा सौदा. आपल्या जिल्ह्यातला कोयता बघा. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यायची. दिवाळीच्या सुमाराला पोरंबाळं घेऊन ट्रॅक्टरमध्ये चढायचं. फडात कोपी घालायची, पहाटेपासून ऊस तोडायचा. आजारी पडलं तर खाडा. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, ती पुढच्या वर्षावर जाते. अंगठा राजीखुशीनं दिलाय, कागदावर कुणी जबरदस्ती केलेली नाही. साला, भुकेनं दिलेला अंगठा स्वतंत्र कसा? बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हेच विचारलं होतं : सरकार बाजूला झालं तर स्वातंत्र्य नेमकं कुणाला मिळतं? जमीनदाराला खंड वाढवायचं आणि मालकाला मजुरी तोडायचं! म्हणून शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जात न बघता कसायला द्या, असं त्यांनी मांडलं.

आता गायरान. हा माझ्या घरचा विषय आहे. माझ्या बापानं आणि मायनं गावाच्या गायरानात मुरूम खणून, दगड वेचून ज्वारी पिकवली. उभ्या पिकात रात्री गुरं सोडली गेली. त्यांनी परत पेरलं. आमच्याकडे सातबारा नाही. पत्र्याच्या पेटीत एक-ईचा उतारा आहे आणि अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या आहेत. दंडाची पावती हाच आमचा पुरावा! दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह केले ते याच जमिनीसाठी. २८ नोव्हेंबर १९९१ चा सरकारी निर्णय सांगतो की १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करा. निर्णय कागदावर राहिला. २०११ साली सुप्रीम कोर्टानं गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं, पण भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. २०२२ साली मुंबई हायकोर्टाच्या आदेशानंतर नोटिसा निघाल्या. तेव्हा वाड्यावाल्याचं आणि माझ्या मायचं अतिक्रमण एकाच यादीत आलं.

इथं मी मुक्त बाजारवाल्यांना धरतो. त्यांचा आद्य गुरू जॉन लॉक. तो सांगतो की माणूस रानात घाम गाळतो, म्हणून रान त्याचं होतं. मग लिहा ना निबंध! आमच्या मायच्या घामाचा सातबारा करा, असं छापा. म्हणाल, गायरान बेवारस नव्हतं, गावाचं होतं. बरं. मग आम्ही त्या गावात होतो की नव्हतो? दिल्लीच्या लिबर्टी इन्स्टिट्यूटच्या लोकांनी गुजरातेत ‘आर्च-वाहिनी’बरोबर आदिवासींच्या वनजमिनीच्या दाव्यांचं काम केलंय. म्हणजे मनात आणलं तर जमतं. मालमत्तेचा हक्क पवित्र असेल तर तो गायरानधारकाचाही पवित्र माना. नाहीतर कबूल करा की तुमचं स्वातंत्र्य ज्याच्याकडे आधीच सातबारा आहे त्याचं आहे.

आणि आपण? ते लिहितील म्हणून वाट बघायची नाही. तुम्ही शहरात शिकता. तुम्हाला माहितीचा अर्ज लिहिता येतो, नकाशा वाचता येतो. सुट्टीत गावी जाल तेव्हा म्हातारीची पेटी उघडा. पावत्यांचे फोटो काढा. एक-ईची नक्कल तलाठ्याकडून मागून घ्या. किती एकर, कोणत्या सालापासून, शेजारी साक्षीदार कोण, हे वहीत उतरवा. आठ तालुक्यांच्या आठ वह्या झाल्या की तो आपला अहवाल. मग तो घेऊन कलेक्टर कचेरीवर जाऊ, आणि त्याची एक प्रत वॉशिंग्टनलाही पाठवू.

जयभीम!